युद्धाचा खर्च कोणाच्या खाती?

पालखेडची मोहीम १७२८ सालची, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. निजामासारख्या बलाढ्य शत्रूला कोंडीत पकडणाऱ्या थोरल्या बाजीरावांच्या घोडदौडीची वर्णने पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने वाचली गेली आहेत. परंतु याच बाजीरावांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून सावकारांच्या तगाद्याची जी व्यथा उमटली आहे, ती वर्गात क्वचितच ऐकविली जाते. घोड्यांना दाणावैरण लागते, शिपायांचा रोजमुरा फार काळ थकवून चालत नाही आणि मोहिमेतून खंडणी वसूल होण्याआधीच पैसा हाताशी असावा लागतो. रणांगणावर अजिंक्य ठरलेला पुरुष सावकारापुढे मात्र ऋणको म्हणून उभा असतो. इतिहासाचे हे दुसरे पान आहे आणि ते पहिल्या पानाइतकेच खरे आहे.

हे दुसरे पान वाचण्याचे काम जो इतिहासाचा प्राध्यापक पत्करतो, त्याच्या वाट्याला कौतुक फारसे येत नाही. युद्धकाळातील अंदाजपत्रके, कर्जरोख्यांच्या जाहिराती, चलनी नोटांचे आकडे आणि कंत्राटांच्या फायली यांच्या ढिगात तो बसलेला दिसला, की ‘हा इतिहास की हिशेबतपासणी?’ असा प्रश्न त्याचे सहकारीच विचारतात. युद्ध म्हणजे सेनापतींचे शौर्य आणि मुत्सद्द्यांचे डावपेच, पैसा हा त्यातला गौण तपशील, अशी समजूत या प्रश्नामागे असते. वास्तविक राज्यसंस्था आणि भांडवल यांचे आजचे नाते बव्हंशी युद्धाच्या निकडीतूनच घडत आले आहे. युद्धाचा खर्च कोणत्या मार्गाने उभा केला गेला, यावरूनच तो अखेर कोणी सोसला हे ठरते. म्हणजे प्रश्न वरवर आकड्यांचा दिसला, तरी मुळात तो न्यायाचा आहे.

तीन वाटा

युद्धासाठी पैसा उभारण्याच्या सरकारपुढे तीनच वाटा असतात. पहिली कराची. ती उघड आणि अप्रिय असते. परंतु कोणाकडून किती घेतले, याची नोंद तीत राहते. दुसरी कर्जाची. ज्याच्याजवळ शिल्लक आहे, तो सरकारला उसने देतो, व्याज घेतो आणि युद्ध संपल्यावर मुद्दल परत मिळण्याची वाट पाहतो. हे व्याज पुढील पिढीच्या करांतून जाते. तिसरी वाट नोटा छापण्याची. ती सर्वांत सोपी, कारण तिच्यासाठी कोणाची संमती विचारावी लागत नाही आणि कोणाच्या दारी जावे लागत नाही. बाजारात पैसा वाढतो, माल वाढत नाही, किमती चढतात. आणि ज्याची प्राप्ती ठरावीक आहे त्याच्या ताटातला घास काही न बोलता सरकारच्या हाती जातो. कर न लावता वसूल होणारा हा करच होय. मात्र त्याची पावती मिळत नाही.

प्रत्यक्षात प्रत्येक युद्धात या तिन्ही वाटांचे मिश्रण असते. त्या मिश्रणाचे प्रमाण काय होते आणि ते कोणी ठरविले, हे शोधून काढणे हेच या विषयाच्या अभ्यासकाचे खरे कार्य आहे.

राजाचे ऋण, राष्ट्राचे ऋण

पालखेडच्या चौतीस वर्षे आधी, १६९४ साली, लंडनमध्ये एक घटना घडली. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी राजा तिसरा विल्यम याच्या सरकारला पैसा हवा होता. लंडनच्या धनिकांनी एकत्र येऊन १२ लाख पौंडांचे कर्ज ८ टक्के व्याजाने दिले आणि मोबदल्यात त्यांना एक पेढी स्थापन करण्याची सनद मिळाली. तीच बँक ऑफ इंग्लंड. पेशव्यांचे ऋण व्यक्तीच्या शब्दावर आणि मुलखाच्या वसुलीवर उभे होते. इंग्लंडचे ऋण पार्लमेंटने मंजूर केलेल्या करांवर उभे राहिले. राजा मेला तरी ते बुडणार नव्हते. त्याचे रोखे हस्तांतरित करता येत, विकता येत, मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवता येत. युद्धाचे कर्ज ही अशा रीतीने एका वर्गाची मालमत्ता बनली आणि सरकारचे स्थैर्य हा त्या वर्गाचा स्वार्थ बनला. आधुनिक भांडवलशाहीच्या इमारतीचा हा एक कोनशिलेचा दगड होय.

पण त्या इमारतीची किंमत कोणी दिली? नेपोलियनविरुद्धच्या युद्धांअखेर, १८१५ साली, ब्रिटनचे राष्ट्रीय ऋण ७० कोटी पौंडांच्या वर गेले होते. पिटने १७९९ साली अमलात आणलेला आयकर श्रीमंतांना जाचत होता. शांतता होताच १८१६ साली तो रद्द करण्यात आला. ऋणावरील व्याज मात्र चालूच राहिले आणि ते मुख्यतः सामान्यांच्या उपभोग्य वस्तूंवरील करांतून भागविले गेले. बीअर, चहा, साखर, साबण यांवर कर देणारा मजूर रोखेधारकाचे व्याज भरत होता. आयकर पुन्हा आला तो १८४२ साली.

अमेरिकेतील यादवी आणि मुंबईचा कापूस

हीच कथा अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात अधिक वेगाने घडली. यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा तेथील संघराज्याचे ऋण साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास होते. युद्ध संपले तेव्हा ते अडीचशे कोटी डॉलरच्या पुढे गेले होते. अर्थमंत्री सॅमन चेस यांनी तिन्ही वाटा धरल्या. १८६१ साली अमेरिकेच्या इतिहासातील पहिला संघीय आयकर आला. १८६२ साली सोन्याचा आधार नसलेल्या, हिरव्या छपाईमुळे ‘ग्रीनबॅक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोटा निघाल्या. फिलाडेल्फियाचा पेढीवाला जे कुक याने वर्तमानपत्रांतून जाहिराती देऊन आणि गावोगाव दलाल पाठवून सुमारे ५० कोटी डॉलरचे रोखे खपविले. अगदी ५० डॉलरचा रोखाही सामान्य नागरिकाला घेता येत असे. १८६३ च्या कायद्याने राष्ट्रीय बँका निघाल्या आणि त्यांच्या नोटांना तारण म्हणून सरकारी रोखेच ठेवावे लागले. गुलामगिरी संपविणाऱ्या या युद्धानेच अमेरिकेचा भांडवलबाजार उभा केला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. तथापि त्यातली एक विसंगती नजरेआड करता येत नाही. रोखेधारकाला व्याज सोन्यात मिळे. रणांगणावर उभ्या असलेल्या सैनिकाला पगार मात्र घसरत्या नोटांत मिळे.

या युद्धाचा एक झोत थेट मुंबईवर पडला. दक्षिणेची बंदरे अडविली गेल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. प्रेमचंद रायचंद यांच्या सट्ट्याची ती सद्दी, बॅक बे भरावाच्या समभागांची ती झुंबड! १८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल ली शरण आला, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील कागदी वैभव त्याबरोबर जमीनदोस्त झाले. बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर त्याच काळातील देणगीतून उभा राहिला. त्याखालून रोज जाणाऱ्या विद्यार्थ्याला या मनोऱ्याचा संबंध व्हर्जिनियातल्या रणांगणाशी आहे, हे सांगणारा कोणीतरी हवा.

हिंदुस्थानची खातेवही

हिंदुस्थानात आयकर आला तोही एका युद्धाची बाकी फेडण्यासाठीच. १८५७ चा उठाव मोडून काढण्याचा खर्च हिंदुस्थानच्याच खात्यावर टाकण्यात आला. ती तूट भरून काढण्यासाठी ‘इकॉनॉमिस्ट’ या नियतकालिकाचे संस्थापक जेम्स विल्सन यांना कलकत्त्यास पाठविण्यात आले आणि त्यांनी १८६० साली येथे आयकर आणला. ज्यांच्याविरुद्ध तलवार चालली, त्यांनीच त्या तलवारीची किंमत मोजली.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला १० कोटी पौंडांची ‘भेट’ दिली. देणारे सरकार लोकांनी निवडलेले नव्हते. तेव्हा भेट या शब्दाचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावावा. त्याच वर्षी चांदीच्या तुटवड्यामुळे एक रुपयाची कागदी नोट निघाली. कापडावरील आयात जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसातवर गेली. मुंबई-अहमदाबादच्या गिरणीमालकांना वर्षानुवर्षे मागूनही न मिळालेले संरक्षण युद्धाच्या गरजेने मिळवून दिले. सरकार आणि भांडवल यांच्यातील करार युद्धकाळात नव्याने लिहिला जातो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

लंडनमधील जमा, नाशिकची नोट

परंतु या साऱ्याची परिसीमा गाठली गेली ती दुसऱ्या महायुद्धात. नोव्हेंबर १९३९ मध्ये ब्रिटन आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात खर्चवाटणीचा करार झाला. शांतताकाळातील नेहमीचा संरक्षणखर्च आणि खास स्वतःच्या बचावासाठी लागणारा खर्च हिंदुस्थानने सोसावा, उरलेला ब्रिटनने द्यावा, असे ठरले. वरकरणी हा करार उदार होता. खोच होती ती पैसे देण्याच्या रीतीत. ब्रिटनने येथे धान्य, कापड, तंबू, दारूगोळा घेतला आणि त्याची किंमत लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे पौंडांत जमा केली. ती रक्कम युद्ध चालू असेतो खर्च करता येत नव्हती. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यानुसार पौंडाचे रोखे हे नोटांना तारण म्हणून चालत. त्यामुळे लंडनमध्ये पौंड जमा झाले, की रिझर्व्ह बँक त्यावर रुपयाच्या नोटा काढी. नाशिकच्या छापखान्यातून नोटा निघत, कंत्राटदाराच्या हाती जात आणि बाजारात फिरत. माल मात्र बाजारातून जहाजावर किंवा छावणीत गेलेला असे.

युद्धाच्या आरंभी चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या; युद्ध संपले तेव्हा त्या १,१०० कोटींच्या वर गेल्या होत्या. घाऊक किमती अडीचपटीच्या आसपास पोहोचल्या, आणि तेही सरकारी दरांनी मोजल्यास. काळ्या बाजारातील दर कोणत्या निर्देशांकात येणार? ‘काळा बाजार’ हा शब्दच त्या काळाने मराठी घराघरांत पोहोचविला. १९४० साली रुपयाच्या नाण्यातील चांदी निम्म्यावर आली आणि एक रुपयाची नोट पुन्हा अवतरली. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले. गिरणी कामगार संघटित होते. १९४० च्या मार्चमध्ये महागाई भत्त्यासाठी त्यांनी सार्वत्रिक संप केला. आज प्रत्येक कारकुनाच्या आणि शिक्षकाच्या वेतनपत्रकावर जो महागाई भत्त्याचा रकाना असतो, तो मुळात युद्धकालीन अर्थनीतीचा वारसा आहे. ज्यांच्यामागे संघटना नव्हती, त्या खेड्यातील शिक्षकाला, विधवेला, शेतमजुराला आणि विणकराला असा रकाना नव्हता.

याचे सर्वांत भीषण रूप १९४३ साली बंगालमध्ये दिसले. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तेथील तांदूळ बंद झाला होता. लष्कराने किनाऱ्यावरील होड्या काढून घेतल्या होत्या. १९४२ च्या ऑक्टोबरात चक्रीवादळ होऊन गेले होते. या कारणांच्या जोडीला युद्धखर्चाचा पैसा होता. कलकत्त्यातील युद्धोपयोगी कारखान्यांतील कामगारांना धान्य पुरविण्याची व्यवस्था झाली. खेड्यातील मजुराला भडकलेल्या बाजाराच्या हवाली करण्यात आले. दुष्काळात तांदळाचे भाव मजुरीच्या कितीतरी पुढे गेले आणि शेतमजूर, कोळी, कारागीर यांची क्रयशक्तीच नष्ट झाली, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या १५ लाख धरली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत व त्याही पुढे जातात. हे लोक कोणत्याही आघाडीवर लढले नाहीत, पण युद्धाचा सर्वांत मोठा हप्ता त्यांनी भरला.

एकच साम्राज्य, दोन न्याय

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हिटलर आणि जपानी लष्करशाही यांचा पराभव होणे आवश्यक होते. घर पेटलेले असताना पाण्याचा हिशेब कोण ठेवतो, असे विचारले जाते. हिंदुस्थानात आयकर भरणारे काही लाखच होते, शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकराच्या कक्षेबाहेर होते, तेव्हा सरकारने दुसरे काय करावे, असाही युक्तिवाद आहे. सरकारने करवाढ केली, कर्जे काढली, १९४० साली अतिरिक्त नफ्यावर ५० टक्के कर बसविला आणि पुढे तो दोन तृतीयांशांपर्यंत नेला, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु दुसरी वाटच नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. कारण ती वाट त्याच साम्राज्याच्या राजधानीत आखली गेली होती. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९४० साली युद्धखर्च कसा भागवावा यावर एक पुस्तिकाच लिहिली. किमती भडकू देऊन गरिबांकडून पैसा उकळण्याऐवजी उत्पन्नानुसार कर घ्यावा, वेतनाचा काही भाग सक्तीची बचत म्हणून बाजूला ठेवावा आणि युद्धानंतर तो परत करावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९४१ च्या ब्रिटिश अंदाजपत्रकात हा विचार बऱ्याच अंशी उतरला. आयकराचा प्रमाण दर ५० टक्क्यांवर गेला, अतिरिक्त नफ्यावर शंभर टक्के कर लागला, जीवनावश्यक वस्तूंच्या किमती सरकारी मदतीने खाली ठेवल्या गेल्या आणि शिधावाटप सर्वांना लागू झाले. लंडनमध्ये नागरिकाला करपावती आणि शिधापत्रिका मिळाली. बंगालच्या खेड्यात यांपैकी काहीच पोहोचले नाही.

इतिहासकार इंदिवर कामतेकर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात नेमकी हीच तुलना मांडली. युद्धाने ब्रिटनमधील वर्गांचे अंतर काहीसे कमी केले. हिंदुस्थानात ते वाढविले. एकाच युद्धाचे हे दोन परिणाम केवळ लढायांच्या नकाशांतून कधीही कळले नसते.

पुण्याचा इशारा

त्या काळी कोणाला हे कळत नव्हते, असेही नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी यांनी १९४३ साली युद्धकालीन आर्थिक धोरणावर पुस्तक लिहून नियंत्रण आणि शिधावाटप यांची आवश्यकता मांडली. मुंबई विद्यापीठाचे प्रा. सी. एन. वकील यांनी घसरत्या रुपयावर आणि युद्धाच्या आर्थिक भारावर त्याच वर्षी लिहिले. १९४३ च्या एप्रिलमध्ये अनेक भारतीय अर्थशास्त्रज्ञांनी संयुक्त पत्रक काढून चलनफुगवट्याचा धोका स्पष्ट केला. हे लोक बंडखोर नव्हते. आकडे वाचणारे अध्यापक होते. राज्यकर्त्यांनी त्यांचे वेळीच ऐकले असते, तर काही लाख माणसे वाचली असती, असे मानण्यास जागा आहे.

चढत्या किमतींचा लाभ झाला तो कापडगिरण्यांना, ठेकेदारांना आणि साठेबाजांना. १९४४ साली टाटा, बिर्ला, ठाकुरदास प्रभृती उद्योगपतींनी ‘मुंबई योजना’ मांडली. १५ वर्षांत १०,००० कोटी रुपये गुंतविण्याची तिची कल्पना होती. स्वतंत्र भारताच्या नियोजनाची ती एक पूर्वखूण होती आणि तिच्यामागची राष्ट्रीय दृष्टी नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांपैकी ३,४०० कोटी रुपये ‘निर्माण केलेल्या पैशातून’, म्हणजे पुन्हा नोटांच्याच मार्गाने, यायचे होते. युद्धाने शिकविलेला धडा उद्योगपतींनी चांगलाच आत्मसात केला होता. जानेवारी १९४६ मध्ये सरकारने ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द करून काळा पैसा बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. पण तोवर बराचसा नफा जमीन, सोने आणि घरे यांच्या रूपाने स्थिरावला होता.

पावती कोणाच्या नावे?

युद्धाअखेर हिंदुस्थानची लंडनमधील शिल्लक १३० कोटी पौंडांच्या घरात गेली. रुपयांत सांगायचे तर सुमारे १,७०० कोटी. मधल्या काळात हिंदुस्थानचे लंडनमधील जुने सरकारी कर्जही बव्हंशी फिटले. शंभर वर्षे ऋणको असलेला देश धनको झाला. पण हा धनको आपलेच पैसे मागण्यासाठी दाराशी ताटकळत होता. चर्चिल यांना या रकमेविरुद्ध उलट दावा लावायचा होता. १९४४ च्या जुलैमध्ये ब्रेटन वुड्स येथे चिंतामणराव देशमुख, ए. डी. श्रॉफ, षण्मुखम् चेट्टी यांनी हा प्रश्न आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कक्षेत आणण्याचा आटोकाट प्रयत्न केला. तो सफल झाला नाही. रायगड जिल्ह्यात जन्मलेले आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले देशमुख पुढे अर्थमंत्री म्हणून हीच शिल्लक जपून वापरू पाहत होते.

ती टप्प्याटप्प्याने मोकळी झाली. त्यांतून निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनांची तरतूद झाली, धान्य आयात झाले, यंत्रे आली. १९४९ साली पौंडाचे अवमूल्यन होताच डॉलरच्या मोजमापात तिची किंमत घटली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभी, १९५७-५८ च्या सुमारास, उरलीसुरली शिल्लक झपाट्याने संपली आणि परकीय चलनाचे संकट उभे राहिले. ज्यांनी उपास काढून हे कर्ज ब्रिटनला दिले, त्यांच्या नावे कोणतीही पावती नव्हती. पावती राष्ट्राच्या नावे होती. राष्ट्राने ती विधायक कामी लावली, हे खरे. परंतु बंगालमधल्या भूमिहीनाच्या वारसाला त्यातून काय मिळाले, हा प्रश्न राष्ट्राने स्वतःला कधी विचारला नाही.

अभ्यासक्रमातील रिकामी जागा

स्वातंत्र्यानंतरही हा विषय संपला नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर सक्तीची ठेव योजना, अतिरिक्त नफ्यावरील कर आणि जानेवारी १९६३ चे सुवर्णनियंत्रण आले. चौदा कॅरटच्या नियमाने महाराष्ट्रातील गावोगावच्या सोनारांच्या शेगड्या विझल्या, ही आठवण अजून पुष्कळ घरांत आहे. अलीकडे, २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यानंतर युरोपातील देश संरक्षणखर्च वाढवीत गेले. मार्च २०२५ मध्ये जर्मनीने त्यासाठी कर्जमर्यादेचे घटनात्मक बंधन सैल केले. प्रत्येक ठिकाणी प्रश्न तोच: कर, कर्ज की नोटा? आणि भार कोणाच्या खांद्यावर?

हा प्रश्न विचारता येईल असे नागरिक घडविणे हे इतिहासाच्या अध्यापनाचे काम नाही, तर कोणाचे? आमच्या महाविद्यालयांतील इतिहास अजूनही तह आणि तारखा यांच्या चौकटीत अडकलेला आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात सूत्रे आहेत, पण माणसे नाहीत. या दोहोंमधील रिकाम्या जागेत युद्धकालीन अर्थव्यवहाराचा अभ्यास बसतो. त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. मुंबईतील राज्य अभिलेखागार आणि पुण्याचे पेशवे दफ्तर जवळच आहे. नगरपालिकांचे वार्षिक अहवाल, सहकारी पतपेढ्यांच्या जुन्या वह्या, शाळांची पगारपत्रके, गिरण्यांचे ताळेबंद, घरातील ट्रंकेत पडून असलेल्या शिधापत्रिका हे सारे साधनच आहे. एखाद्या तालुक्यातील शिक्षकाचा १९३९ आणि १९४५ चा पगार आणि त्या दोन वर्षांतील ज्वारीचा भाव शेजारी शेजारी मांडला, तरी एका साम्राज्याचा न्यायनिवाडा होऊ शकतो. असा कागद दरवर्षी वाळवीच्या आणि रद्दीच्या तोंडी जात आहे. तो वाचविण्याचे काम विद्यापीठांनी आणि शाळामास्तरांनी मिळून हाती घेतले पाहिजे.

युद्धे टळावीत अशी प्रत्येक सुज्ञ माणसाची इच्छा असते. ती नेहमीच टळतात असे नाही. कित्येकदा लढणे हेच कर्तव्य ठरते. परंतु लढण्याचा निर्णय ज्यांच्या नावाने घेतला जातो, त्यांना त्याचा खर्च कसा वाटला जाणार, हे विचारण्याचा अधिकार आहे आणि तो युद्ध सुरू होण्याआधीच बजावावा लागतो. सरकारी खजिन्याच्या जुन्या फायली चाळीत बसलेला इतिहासाचा प्राध्यापक या अधिकाराचीच राखण करीत असतो. सेनापतींचे पुतळे चौकाचौकांत उभे राहतात. ज्यांनी न विचारता खर्च भरला, त्यांची आठवण ठेवायची तर ती त्या फायलींतच शोधावी लागेल.